मॅडमना वाचवण्याचे तीन प्रयत्न

११ मार्च, सोमवार
मॅडम जमिनीवर पडल्या आणि त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. म्हणजे खोट्याच पडल्या. घातक कचऱ्याच्या प्लँटवर काम हवं तर आधी सेफ्टी ट्रेनिंग. त्यातलं ड्रिल. खोलीत रिकामे ड्रम, मशीनचा धूर आणि मधोमध ट्रेनर मॅडम बेशुद्ध. मी विजेसारखा आत. त्यांनी एक डोळा उघडून सांगितलं, मेलास तू. मास्क नाही, काही नाही. कोणी पडलेलं दिसलं की आत शिरायचं नाही. बाहेर यायचं, दार लावायचं, अलार्म दाबायचा.
‘मेलास’ इतक्या मायेने आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

१२ मार्च
ड्रमवरच्या लेबलांचा तास. मी मॅडमकडे बघत होतो. आमच्याच बॅचमधले फोर्कलिफ्टवाले काका म्हणाले, हिरो, कवटीचं चित्र म्हणजे काय ते तरी सांग. तिथेच भांडलो. उद्यापासून डोकं थंड.

१३ मार्च, दुपारी
पुन्हा ड्रिल. पुन्हा मेलो. माझ्यामागे काका धावले, तेही मेले. जाम भडकले. दोन पोरी आहेत मला, मरायचं तर एकटा मर म्हणे. मॅडम म्हणाल्या, खरोखर असंच होतं, एकाला काढायला जातात आणि रांगच लागते.
हे बोलताना माझ्याकडेच बघत होत्या. सगळ्यांकडे बघत होत्या, पण माझ्याकडे जास्त.

१४ मार्च
प्लँटच्या साहेबांनी सांगितलं, आणखी एकदा मेलास तर घरी. बाबा म्हणाले, कॉलेज सोडलंस, हेही सोड, आई आहेच तुला आयतं वाढायला. ताटावरून उठलो. भूक होती, परत बसलो.
मॅडमना विचारलं, पास झालो तर? म्हणाल्या, तर काय, इथलं ट्रेनिंग संपलं, मी दुसऱ्या प्लँटवर. म्हणजे नापास झालो तर मी बाहेर, पास झालो तर त्या. सांगताना मान खाली होती. बूट काढत होत्या, पण तरीही.

१५ मार्च, सकाळी
ठरलं. धावणारच. नोकऱ्या छप्पन मिळतील.

१५ मार्च, संध्याकाळी
दार उघडलं. धूर. मॅडम तशाच पडलेल्या, हेल्मेट घरंगळलेलं, केस लादीवर. मी पाय उचलला. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून हळूच मान हलवली. नको.
इतक्या दिवसांत त्यांनी माझ्याकडे मागितलं ते एवढंच.
मी मागे सरलो, दार लावलं आणि अलार्म दाबला.