रेघेवरचं पाणी

१९ एप्रिल

आज चार वाजता सगळं बदललं. पाणी कमी झालं नव्हतं.

उगाच लिहीत नाही. साकेतच्या माशाच्या टाकीचं पाणी रोज बोटभर उतरतं, या उन्हात जास्तच. टाकी समुद्राच्या पाण्याची आहे — वणीत समुद्र! पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज साधं आरओचं पाणी घालून काचेवर मार्करने मारलेल्या रेघेपर्यंत आणायचं. नाही आणलं तर पाणी जास्त जास्त खारट होत जातं आणि मासा मरतो. बंगलोरला जायच्या आधी साकेतने हे मला इतक्यांदा सांगितलं की मीच वैतागलो. त्याचे आईबाबा नागपूरला आहेत, बाबांच्या ऑपरेशनसाठी. घर बंद. चावी माझ्याजवळ.

काल मी गेलोच नव्हतो. दुकानात बाबांशी वाजलं. मी म्हटलं, ट्रकचे टायर उचलायले मी इंजिनिअरिंगले गेलतो का? ते म्हणाले, गेलता त मंग वापस काहून आला? जेवलो नाही, कुठे गेलोही नाही. म्हणजे दोन दिवसांचं पाणी उतरायला हवं होतं. रेघेवर होतं. बरोब्बर रेघेवर.

आणि टाकीसमोरचं स्टूल. घरभर कोळशाची काळी धूळ बसली आहे, सोफ्यावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी. स्टुलावर नाही.

२० एप्रिल

आज मुद्दाम पाणी घातलं नाही.

२१ एप्रिल

रेघेवर.

२२ एप्रिल

मागचं दार पाहिलं. आतून कडी. खिडक्या बंद. राहिली आतली खोली — आभाची, साकेतच्या बहिणीची. तिला साकेत कुलूप लावून गेला आहे. गोल मुठीचं कुलूप, त्याची चावी मला दिलेली नाही. मूठ फिरवून पाहिली. फिरली नाही.

मानीबाई अंगण झाडत होती. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं आहे ती. तिला विचारलं, "घरात कोणी येते का?"

"बंद घरात कोन येईन बाप्पा?"

"टाकीत कोणीतरी पाणी टाकून राह्यलं."

तिने झाडू थांबवला. मग म्हणाली, "तू रोज चारलेच येतं न?"

मी म्हटलं, हो.

"चारलेच येत जाय मंग. येळ नको बदलू."

काहून, ते सांगितलं नाही. पुन्हा झाडायला लागली.

२४ एप्रिल

डॉक्टर आजही पांढरा पडला.

हे नाव साकेतचं. या जातीला सर्जनमासा म्हणतात, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना नस्तरासारखा काटा असतो म्हणून. एरवी गर्द निळा, शाई सांडल्यासारखा, शेपटी पिवळीजर्द. पण मी दार उघडून आत आलो की त्याचा रंग उतरतो. राखेसारखा होतो आणि दोन दगडांच्या फटीत आडवा पडून राहतो, मेल्यासारखा. डोळा तेवढा उघडा. मी गेल्यावर परत निळा होत असेल. मला कसं दिसणार?

दिवाळीपासूनचं आहे हे. दिवाळीत याच टाकीसमोर आभा म्हणाली, रजत, बस झालं आता. घरचे सगळे बाजारात गेले होते. मी दोन्ही मुठी काचेवर हाणल्या. तिला हात लावला नाही. काचही फुटली नाही. डॉक्टर दगडावर आपटला, बस. त्याच्या कपाळावर खूण आहे अजून.

तिच्यासाठी कॉलेज सोडलं, तिसऱ्या वर्षात. पुण्याला तिच्या ऑफिसच्या गेटसमोर आठवडाभर उभा होतो. ती मागच्या गेटने जायची हे नंतर कळलं. पण साकेतला तिने यातलं काही सांगितलं नाही. नाहीतर त्याने मला चावी दिली असती का? तिने सांगितलं नाही, यातून काय समजायचं? मी तरी एकच समजतो.

मासा तिचाही आहे. मासा जगला तर ती त्याला बघायला कधीतरी येईल. मी हे काम घेतलं ते त्यासाठी. साकेतसाठी नाही.

आज फटीतून त्याचा डोळा माझ्यावर नव्हता. माझ्या मागे होता, आतल्या दाराकडे.

२६ एप्रिल



काल पूर्ण दिवस नागपूरला, टायर आणायला. आजही दुपारपर्यंत सुटका नाही. बाहेर अंगाची लाही होत होती. पाणी तापून डॉक्टर मेला असणार हे धरूनच दार उघडलं. टाकीसाठी रात्रंदिवस चालू ठेवलेल्या कुलरचं पाणी संपलेलं, नुसती गरम हवा फेकत होता. आणि टाकीत बर्फाची बाटली तरंगत होती.

बाटल्या फ्रीजरमध्ये मीच भरून ठेवल्यात, पाणी तापलं तर सोडायला. पण ही मी सोडली नव्हती. आत अर्धा बर्फ शिल्लक होता. या उन्हात तो तासभरही टिकत नाही. म्हणजे मी कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर चहा पीत होतो तेव्हा इथे कोणीतरी —

शिवाय दगडाला समुद्रातल्या पाल्याची पट्टी बांधलेली, डॉक्टरच्या खाण्याची. साकेत चिमटा लावतो, मीही. ही केसांच्या निळ्या रबराने बांधली होती. तशी फक्त आभा बांधायची.

रात्री साकेतचा फोन. "अबे, आभाचा फोन लागून नाही राह्यला. खोली सोडली म्हणे तिनं पुण्याची. आईबाबाले नाही सांगितलं मी अजून. तुह्या काही कानावर आलं का?"

नाही म्हटलं.

२७ एप्रिल

मेलेलं माणूस आपल्या माशाकडे येत असेल का?

हे लिहायला नको होतं. लिहिलं.

आज स्टुलावर बसून तिच्याशी बोललो. मोठ्याने. आधी नीट बोललो. म्हटलं, आभा, कुठे आहेस सांग. काही करून घेतलं असशील तर माझ्यामुळे का? इतकंच सांग. कुलर घरघरत होता. फटीत डॉक्टरचा डोळा. एक गोष्ट नक्की जाणवली — कोणीतरी ऐकतंय. भिंतीशी बोलताना असं वाटत नाही.

मग चिडलो. किती विनवायचं माणसाने? म्हटलं, तू मेली असशील तरी मी तुले सोडणार नाही. जिथं जाशील तिथं येईन. ओरडलोच.

डॉक्टर इतका पांढरा मी कधी पाहिला नव्हता.

२८ एप्रिल

स्टूल नाही.

टाकीसमोर धुळीत चार पायांचे चार स्वच्छ चौकोन आहेत. स्टूल नाही. स्वयंपाकघर, मोरी, गॅलरी, सगळं पाहिलं. पुढच्या दाराला मीच लॅच लावून गेलो होतो, मागच्याला आतून कडी. भुतं स्टूल नेतात?

मानीबाई फाटकापाशी उभी होती. "काल कोनावर वरडत होता रे?"

"कोणावर नाही."

"रस्त्यावर आयकू आलं. त्या घरात वरडू नको बाबू. आयकनारं आयकते."

मी विचारलं, कोण ऐकते? ती म्हणाली, "मले काय मालूम. मी त अंगन झाडतो." पण तिच्या पदराआड डबा होता. गरम असावा, फडक्यात धरला होता.

३० एप्रिल

चार वाजता गेलो. पाणी रेघेवर. पाला बांधलेला. मी आता काहीच करत नाही तिथे. नुसता येतो, उभा राहतो, जातो. घर त्याचं त्याचं चाललंय.

तेवढ्यात लाइट गेली.

कुलर थांबला. टाकीचे पंप थांबले. बाहेरून चंद्रपूरकडे जाणारा कोळशाचा ट्रक गेला, काचा थरथरल्या. मग काहीच नाही. इतके दिवस त्या घरात मी कधी शांतता ऐकलीच नव्हती.

आणि त्या शांततेत आतल्या खोलीत पंखा थांबत होता.

टक… टक… टक. हळू होत होत. कुलूप लावलेल्या खोलीतला पंखा. म्हणजे लाइट जाईपर्यंत तो फिरत होता. शेवटची टक झाली. त्यानंतर दाराच्या पलीकडे जे होतं ते माझ्यासारखंच श्वास धरून उभं होतं.

पळालो. बॅटरीचा पंप न लावता. हवा बंद पडली की डॉक्टर टिकत नाही, हे रस्त्यावर आल्यावर आठवलं. परत गेलो नाही.

१ मे

डॉक्टर जिवंत आहे. बॅटरीचा पंप लावलेला होता. मी दारातूनच पाहिलं आणि फिरलो.

आणि आता, संध्याकाळी साकेतचा फोन! "अबे लागला फोन. बरी आहे आभा. नोकरी गेली म्हणे तिची. बाबाले टेन्शन नको म्हणून सांगून नाही राह्यली कोणाले. कुठं राह्यते तेही सांगत नाही, मानीबाई जेवाले देते म्हणे आणि ठेवूनच देला फोन. अन् मानीबाई त वणीत आहे!" तो हसत होता. "घरीच असन बे ती. तू रोज जातं, तुले दिसली नाही?"



जिवंत आहे. घराच्या आणि तिच्या खोलीच्या चाव्या तिच्याजवळही असणारच, मला सुचलंच नाही. पाणी तिने घातलं. बर्फ तिने सोडला. माझ्या बोलण्यातला शब्द न् शब्द तिने ऐकला, दाराच्या पलीकडे बसून. सगळ्या जगापासून लपायचं होतं तर ती कुठे आली? जिथे मी रोज चारला येतो तिथे. आणि मी भुताला भीत होतो! वेड्यासारखा हसलो एकटाच. आई म्हणाली, काय झालं रे, जेव आता.

दोन ताटं जेवलो. पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला. उद्या बाजारातून मोगऱ्याचा गजरा. लाजत असेल, दार उघडणार नाही लवकर. नाही उघडलं तर दाराची मूठ तोडीन. पण उघडेल.

२ मे

चारला गेलो. कुलर बंद केला. आत पंखा फिरत होता.

म्हटलं, "आभा, मी आहे. रजत."

पंखा बंद झाला.

पुन्हा हाक मारली. पुन्हा. मग दारावर हाणायला मूठ उचलली, आणि बाजूला टाकीत डॉक्टर दिसला. पाल्यापाशी होता, निळा. माझा हात वर गेला तसा त्याचा रंग उतरला. फटीत शिरला, आडवा झाला. डोळा तेवढा उघडा.

त्याच वेळी दारामागे लाकूड फरशीवर खरवडलं. स्टुलाचा पाय. आतून कोणीतरी ते दाराच्या मुठीखाली आणखी घट्ट सारत होतं.

हात किती वेळ वर होता माहीत नाही. खाली घेतला.

पाणी रेघेवर होतं. चावी टाकीच्या झाकणावर ठेवली. गजरा खिशातच राहिला. बाहेर आलो आणि दार ओढलं. हळू नाही ओढलं. लॅच बसल्याचा आवाज आतपर्यंत जायला हवा होता.