खांद्यावरची किल्ली

३ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी आबांच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी-कोयंडा ठोकला आणि कुलूप लावलं. आयुष्यभर लोकांची अडकलेली कुलपं उघडून पोट भरलं. आज स्वतःच्या बापाला कोंडायचं कुलूप बसवलं!

आबा शेजारीच उभे होते, ओंजळीत स्क्रू घेऊन. मी हात पुढे केला की एक द्यायचे. हातातली सुतारकी तेवढी राहिली आहे, बाकी सगळं पुसलं गेलं. म्हणाले, "तिरपा जातोय. चौकट माझ्या हातची आहे, फाटेल." मी काढून पुन्हा सरळ बसवला. मग मान हलवली त्यांनी — "हं. आता कोणाची बिशाद नाही आत यायची."

त्यांना वाटतं, चोरांसाठी आहे.

इलाज नव्हता. शुक्रवारी मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडले, दोन्हीकडून गाड्या. बायको अनवाणी धावली म्हणून वाचले. "घरी जायचंय," एवढंच म्हणत होते. घर हाकेच्या अंतरावर!

किल्ली हिच्याकडे दिली. नाडीत ओवून गळ्यात घातली आहे तिने. मी दिवसभर गाळ्यावर.

५ नोव्हेंबर, बुधवार

चर्चच्या पाळकसाहेबांच्या घरी शास्त्राभ्यासाची बैठक. येणाऱ्या ख्रिस्ताला संदेष्ट्यांनी आधीच कितीतरी पदव्या देऊन ठेवल्या आहेत. त्यांतली एकेक प्रत्येकाने घ्यायची, विचार करायचा आणि दोन आठवड्यांनी बोलायचं. मास्तरांना 'अभिषिक्त' — मशीहा या शब्दाचा अर्थच तो, म्हणून ती वडीलधाऱ्यांकडे. नर्सबाईंना 'इम्मानुएल', म्हणजे 'आमच्याबरोबर देव'. बसड्रायव्हरला 'मेंढपाळ'. तो म्हणाला, "बरोबर दिलंत. रोज मेंढरंच भरतो. पण माझी मेंढरं शिव्या घालतात हो!"

मला 'दाविदाच्या घराण्याची किल्ली'. सगळे हसले. "तुम्हाला सोडून ही कोणाच्या हाती द्यायची?" पाळकसाहेब म्हणाले. मीही हसलो. मनातून मात्र ती नको होती. एक तर चारचौघांत माझी जीभ वळत नाही. त्यात किल्ली!

७ नोव्हेंबर

ही सांगते, आबा दुपारी दार वाजवतात. गाळ्यावर मला काही ऐकू येत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ते किल्लीचं ठिकाण काढून बसलो. राजवाड्यावर शेबना नावाचा कारभारी होता. लोकांचं बघायचं सोडून स्वतःसाठी खडकात ऐटदार कबर खोदून घेत होता. देवाने त्याला हाकललं आणि एल्याकीम नावाच्या आपल्या सेवकाला नेमलं. दावीद राजाच्या घराण्याची किल्ली त्याच्या खांद्यावर ठेवली. तो उघडेल ते कोणी लावणार नाही. तो लावेल ते कोणी उघडणार नाही.

शेवटचं वाचून बरं वाटलं — खोटं कशाला लिहू? म्हणजे लावणं हेही किल्लीवाल्याचं कामच की! राखणीसाठी लावलेलं दार. देवाच्या घरीही दार लावतातच.

हिला सांगायला गेलो. भांडी विसळत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या त्या कारभारीसाहेबांना विचारा, आतून दार वाजलं की ते कुठे जाऊन उभे राहायचे? मी मोरीत जाऊन नळ सोडते."

पुढे वाचवलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज बैठक नव्हती. मास्तरांकडे गेलो. माझी शंका साधी होती. किल्ली मिळाली एका कारभाऱ्याला. मग ती ख्रिस्ताची पदवी कशी?

"पुढचं वाचलंत?" मास्तरांनी विचारलं.

नव्हतं वाचलं. त्यांनी वाचून दाखवलं. तोच एल्याकीम म्हणजे भिंतीत घट्ट ठोकलेली खुंटी. घराण्याची सगळी भांडीकुंडी, पेल्यांपासून सुरयांपर्यंत, तिच्यावर टांगलेली. आणि मग ती खुंटी निखळते. सगळं खाली!

"माणूस चांगला होता हो," मास्तर म्हणाले, "पण माणूसच. पदवी त्याच्या मापाची नव्हती, मोठी होती. तो गेला, ती राहिली — धन्याची वाट बघत. मेलेल्यांतून उठल्यावर प्रभू ख्रिस्ताने सांगितलं, ती किल्ली माझ्याकडे आहे. संदेष्ट्यांच्या बऱ्याच पदव्यांचं असंच आहे. आधी कोणाच्या तरी अंगावर घालून बघितल्या. कोणालाच नीट बसल्या नाहीत."

मग मी विचारलं, किल्ली खांद्यावर का? आम्ही तर कमरेला लावतो.

"तेव्हाच्या किल्ल्या लाकडाच्या, चांगल्या लांबलचक असायच्या म्हणतात. वाहूनच न्यायच्या." चष्मा पुसत म्हणाले, "आणि किल्ली देण्याआधी देव काय म्हणतो ते बघा. हा लोकांचा बाप होईल, असं म्हणतो. आधी बाप, मग किल्ली."

येताना डोक्यात तेच. कुलूप मी बसवलं. वाहते कोण?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हिला ताप. गाळा बंद ठेवला. नाडी माझ्या गळ्यात.

आबांनी दार वाजवलं. मला वाटलं होतं आरडाओरडा करत असतील. तसं काही नाही. दोनदा टकटक. थोडं थांबायचं. पुन्हा दोनदा. मग आवाज — "अहो, कोणी आहे का बाहेर? आत माणूस राहिलाय." किती सभ्यपणे! लोकांच्या घरी कामाला गेले की असंच बोलायचे.

माझे पाय आपोआप मोरीकडे निघाले. नळावर हात ठेवला आणि शरम वाटली.

जाऊन कुलूप काढलं. आबांनी माझ्याकडे बघून हात जोडले.

"तुम्ही कुलूपवाले का?"

"हो."

"उपकार झाले. घरची माणसं भली आहेत, विसरली असतील. त्यांना काही बोलू नका हं."

१६ नोव्हेंबर

धाकट्या भावाचा फोन. "दादा, उगाच हळवा होऊ नकोस. कुलूप आहे म्हणून आबा जिवंत आहेत." खरं आहे त्याचं. लांब राहून खरं बोलणं त्याला परवडतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बोललो! काय बोललो ते आठवतं तसं लिहून ठेवतो.

म्हटलं — मी कुलूपवाला. दार उघडून दिलं की माझं काम संपलं. आत काय आहे ते मी बघत नाही. या पदवीचा धनी तसा नाही. त्याला क्रुसावर मारल्यावर शिष्य घाबरून दारं लावून बसले होते, तेव्हा तो आत, त्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. मरणाचं दार तर आत गेलेल्या कोणालाच उघडता आलं नव्हतं. तो आधी आत गेला आणि मग ते उघडलं. आम्ही किल्लीवाले सगळे बाहेर उभे असतो. हा एकटाच आत सापडतो.

आणि खाली बसलो.

"संपलं?" बसड्रायव्हर म्हणाला. "अहो, मी आत्ताच कुठे टेकून बसलो होतो!" हशा झाला. नर्सबाई मात्र हसल्या नाहीत. डोळे पुसत होत्या.

घरी येताना माझंच बोलणं मला बोचत होतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

हिला म्हटलं, कुलूप काढून टाकतो.

ताडकन उठली. "काढा ना! आणि उद्या सकाळी तुम्ही चाललात गाळ्यावर. मग मी धावायचं त्यांच्यामागे. विश्वास तुमचा, पाय माझे!"

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"त्यांना कोंडायची मला हौस आहे का हो?" आवाज खाली आला तिचा. "ते आत कोंडलेत, मी बाहेर. एकटी कोपऱ्यावर जाऊन किती दिवस झाले, आठवतं तुम्हाला?"

नाही आठवत. मला ते कधी दिसलंच नव्हतं. ख्रिस्ताच्या किल्लीवर बोलून आलो, आणि घरात दोन माणसं एका कुलपात!

नुसतं कुलूप काढलं तर माझं मन हलकं होईल आणि सगळा भार हिच्यावर पडेल. असलं उघडणं त्याच्या पदवीला शोभायचं नाही. वाहायचंच तर मी वाहायला हवं. पण गाळा? रस्त्यावरचा गाळा म्हणून गिऱ्हाईक येतं. आमच्या गल्लीत कोण मरायला येईल किल्ली करायला?

२२ नोव्हेंबर

प्रार्थनेला बसलो.

मागायला काही उरलं नव्हतं. काय करायचं ते कळलं होतं, फक्त भीती वाटत होती. निखळलेली ती खुंटी म्हणजे काही वाईट माणूस नव्हता. मीही निखळेन कधीतरी. मग मास्तरांचं आठवलं. खरा धनी मी नाहीच. मला माझ्या वाट्याचं तेवढं उचलायचं आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

गाळा सोडला. किल्ल्यांचं मशीन हातगाडीवर घालून घरी आणलं आणि आबांच्या उंबऱ्याला लावून मांडलं. दाराचा कडी-कोयंडा उपटला. आबा दिवसभर माझ्याजवळ बसून पितळेचा कीस फुंकत होते. दोनदा उठले, दोनदा मी बरोबर चालून आलो. गिऱ्हाईक एकच आलं.

चार वाजता हिने चपला घातल्या. "जरा जाऊन येते." कुठे, ते मी विचारलं नाही.

दिवेलागणीला आली. हातात पिशवी नाही, काही नाही. "नुसती चालले," म्हणाली.