ब्रदर एक्स्पायर्ड

कुंडल, ता. ३ मार्च १९९४

बनुबाईस आक्काचा आशीर्वाद वि. वि.

नावापुढं सौ. लिवायला हात धजला न्हाई. काल तार आली, ‘ब्रदर एक्स्पायर्ड’. मास्तरांनी अर्थ सांगितला. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरनं अकरा वरसं केरबाशी बोलले न्हाई, आता बोलायला माणूसच न्हाई. मिलिटरीतनं धडधाकट आला आन् साताऱ्याच्या त्या भुताच्या बंगल्याची राखण करत बसला. खाल्ला भुतानं!

तोंड घेऊन तिथं यायची छाती न्हाई. दहाव्याला इथं मळ्यातच पान ठेवीन. पोरांस्नी जप.

राग धरलास तरी चार ओळी धाड.
तुझी नणंद, मनुबाई

सातारा, ता. १० मार्च १९९४

ती. आक्कास केरबाचा शि. सा. न. वि. वि.

मी हाय. सकाळीच दोन भाकरी खाल्ल्या. बनू म्हणते, माझं सौ. परत लिहून पाठवा.

आक्का, बंगल्यात भुतं न्हाईत, फ्रीमेसन नावाच्या गुप्त मंडळाची माणसं हायेत. वकील, डॉक्टर, सगळे म्हातारे. सख्खे न्हाईत, पण एकमेकांना ब्रदर म्हणतात. दार लावून आत काय करतात, ते चौदा वरसांत मला दिसलं न्हाई. त्यातले डॉक्टरसाहेब वारले. नव्या कारकुनानं रजिस्टरातल्या झाडून सगळ्या पत्त्यांवर तार ठोकली. माझं काय बरंवाईट झालं तर कळवायला मी तुझा पत्ता दिला होता.

सातजण असल्याबिगर त्यांची सभा भरत न्हाई म्हणे. आता सहा उरले. एक तारखेपासनं बंगल्याला कुलूप, आमची मागची खोलीबी जाणार. गावाकडं माझं रान हाय, पण पाण्याबिगर काय पेरू? पाळी मागत न्हाई, नुसतं कळवतोय.

भांडण ऱ्हाऊ दे, माया असू दे.
तुझा केरबा

कुंडल, ता. १५ मार्च १९९४

चि. केरबास आन् सौ. सौ. सौ. बनुबाईस आशीर्वाद.

पत्र काल आलं. तुझं दहावं शुक्रवारीच उरकलं. लाडू, चहा, बिडी, सगळं मांडलं. कावळा शिवंना. तुझ्या पोरांस्नी बघीन, मी म्हणाले, शिवंना. बारा वाजले, आमचे मालक उन्हात वैतागले. शेवटी मीच हात जोडले, म्हणाले, केरब्या, बुधवार-गुरुवारचं पाणी तुझ्या घरचं. म्हणायची खोटी, झडप! मी लय रडले रं.

कावळ्यानं कुणाचं खाल्लं, त्याचं त्याला ठाऊक. पण मेलेल्याला दिलेला शब्द माघारी घेता येत न्हाई. जित्तेपणी मागितलं असतंस तर थेंब दिला नसता.

बुधवारी मोटर चालू करायला ये.
तुझीच, आक्का