काडतुसांच्या बारा पेट्या

माय, मी काडतुसांच्या जुन्या पेट्या जमवते. लष्करानं भंगारात काढलेल्या, लोखंडी, हिरव्या. दोन लाकडी आहेत, दोराच्या कड्यांच्या, इंग्रजांच्या काळातल्या. एकूण बारा. मंगरूळपीरच्या घरात पुढच्या खोलीत मांडल्यात. आलेगेले विचारतात, बाईमाणसाला हा कसला नाद? मी झाकणावरची पुसट अक्षरं दाखवते, कोणती पेटी कोणत्या बंदुकीची ते सांगते. ते ऐकून घेतात.

तुझी पेटी तू केनवडच्या बाजारात भंगारवाल्याला टोपलंभर वांगी देऊन आणली होतीस. त्यातल्या गोळ्या कुणी कुणावर झाडल्या याच्याशी तुला घेणंदेणं नव्हतं. झाकणाला आतून रबराची पट्टी होती, खटका लावला की ओल शिरत नव्हती, एवढं तू पाहिलंस. मळ्यातलं भेंडीचं, मेथीचं, वांग्याचं बी त्यात राहायचं. एकदा मी झाकण उघडं टाकून खेळायला गेले. परत आले तर तू म्हणालीस, "पेटी कायले उघडी ठेवली वं? बी सर्दलं त वरीस गेलं आपलं." मग दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस.

दहावीनंतर मी वाशिमला वसतिगृहात निघाले, तेव्हा तू सगळं बी गाडग्यांत ओतलंस, पेटी राखेनं घासलीस आणि तीत माझी पुस्तकं रचलीस. "घेऊन जाय. उंदीर नाई लागनार तुह्या पुस्तकाइले." खोलीतल्या मुली हसल्या. "बाँब आनला का वं?" चौथ्या दिवशी मी ती पेटी बसस्टँडमागच्या भंगाराच्या दुकानापुढे ठेवून आले.

दिवाळीत घरी आल्यावर तुला सांगितलं, चोरीला गेली. तू ओसरीवर मेथी निवडत बसली आहेस. हात थांबत नाहीत. "जाऊ दे," तू म्हणतेस, "ज्यानं नेली त्याले गरज असंल." त्या साली गाडग्यांतल्या बियाला कीड लागली. वाफे उशिरा भरले, तेही शेजारणीकडून मागून आणलेल्या बियाचे. मला तू त्याबद्दल एक शब्द बोलली नाहीस. तुला कळलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. भंगाराच्या दुकानांतून मी तुझी पेटी शोधत फिरते, असं नाही. समोर आली तरी ओळखू येणार नाही. रडूही येत नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तू आत्ता येऊन विचारलंस, "काय झालं वं त्या पेटीचं?" तर मी पुन्हा चोरीचंच सांगेन.