कापलेली बावीस पानं

४ मार्च, मंगळवार

सापडलं! तिला सापडलं.

चाळीस वर्षांपूर्वी एका जुन्या इंग्रजी कादंबरीचा मी शाळेसाठी मराठीत संक्षेप केला होता. तो आता पुन्हा छापायचं प्रकाशकाच्या डोक्यात आलंय. मला छापील अक्षर धड दिसत नाही, म्हणून नात वाचत वाचत टाइप करते आणि मी ऐकतो. आज या शहाणीने मूळ कादंबरीही वाचनालयातून उचलून आणली. म्हणे, ताडून बघू!

"आजोबा, सहाव्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य मुळात कुठेच नाही."

"आवृत्ती वेगळी असेल."

"आणि सलग बावीस पानं गायब? तुम्ही संक्षेप केलात की हजामत?"

हसलो. ऐंशी उलटली तरी खोटं किती पटकन जिभेवर येतं!

५ मार्च, बुधवार

काही लिहवत नाही. ते वाक्य मात्र अजून तोंडपाठ आहे.

७ मार्च, शुक्रवार

कागदाला तरी खरं सांगतो.

कादंबरीतली ती कापडवाल्याची पोरकी मुलगी. गिरणीमालक तिला मागणी घालतो. माणूस सज्जन, घर मोठं, मागे बाग. त्या काळच्या इंग्रजी कादंबऱ्यांत अशा मुलीपुढे दोनच वाटा — लग्न, नाहीतर कुणा मामा-काकाच्या घरी कोपऱ्यात बसून आयुष्यभर शिवण. ही मात्र नाही म्हणते! बंदराच्या गावी जाते, बियाण्यांच्या दुकानात नोकरी धरते, पुढे तेच दुकान स्वतः चालवते. सात वर्षांनी तो पुन्हा भेटतो तेव्हा लग्नाचं हीच विचारते. आणि दुकानावरची पाटी माझ्याच नावाची राहील, हेही ठणकावून सांगते.

मुख्याध्यापक एवढंच म्हणाले होते, "गुरुजी, पुस्तक जरा पातळ करा." काय कापायचं ते माझ्यावर होतं. मी समुद्रावरचं वादळ ठेवलं, बागेची वर्णनं ठेवली — मला पहिल्यापासून कवितेचा नाद! — आणि तिची सात वर्षं कापली. शेवटी लग्न होतंच ना, मग मधलं कशाला? जोड दिसू नये म्हणून पदरचं एक वाक्य घातलं: 'तिने पुष्कळ विचार केला, आणि तिला कळलं की भल्या माणसाचा हात धरणं हेच तिचं स्वातंत्र्य.'

काय लय साधली होती! वर्गात मुली ते एका सुरात म्हणायच्या. फळ्यावर उन्हाचा तिरपा पट्टा, त्यात तरंगणारी खडूची धूळ, चाळीस गळे — आणि दुसऱ्या बाकावर माझी लेक, सगळ्यांहून खणखणीत. मी डोळे मिटून ऐकायचो. काय ते दिवस…

नको. आज ते दिवस नकोत.

९ मार्च, रविवार

लेक आली होती. दर रविवारी येते, माझ्या डोळ्यांत औषध घालते. मग पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं, हा नियम.

लेक बावीस वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. नकाशे काढणाऱ्या कचेरीत नेमणूक झाली, दुसऱ्या गावी. त्याच सुमाराला स्थळही आलं. "बाबा, मला दोन वर्षं द्या," म्हणाली. मी ओरडलो नाही, जेवण टाकलं नाही. आम्ही मुलीवर कधी जबरदस्ती केली नाही, असं आजवर छाती पुढे काढून सांगत आलो! मी फक्त कपाटातून ते पुस्तक काढलं. "तुझी लाडकी बाई काय म्हणते ऐक," म्हणालो, आणि ते वाक्य वाचून दाखवलं. माझं वाक्य. दुसऱ्या दिवशी तिने होकार दिला.

जावई चांगला आहे. तिथेच तर पंचाईत! वाईट असता तर त्याला शिव्या घालून मोकळा झालो असतो. बदल्या त्याच्या, गावं त्याची, ही सामान बांधायची आणि सोडायची. "मस्त चाललंय, बाबा," असं इतक्या वेळा म्हणाली की मी विचारणंच सोडलं.

आज सांगायचंच, असं ठरवलं होतं. तोंड उघडलं तोच म्हणाली, "अहो हलू नका, थेंब गालावर गेला!" झालं. धीरही तिथेच ओघळला.

११ मार्च, मंगळवार

प्रकाशकाचा फोन. "गुरुजी, प्रस्तावनेत मुलींच्या स्वावलंबनावर दोन पानं येऊ द्या. त्या काळात तुम्ही असलं पुस्तक मुलींच्या हातात दिलंत, म्हणजे केवढी हिंमत!"

बरं, म्हणालो. बरं म्हणालो मी!

१३ मार्च, गुरुवार

नातीला सगळं सांगितलं. टाइप करणं थांबवून ऐकत होती. या खेपेला थट्टा नाही की काही नाही. "मला काय सांगता, आजोबा? आईला सांगा." आणि निघून गेली. चप्पल घालतानासुद्धा वळून बघितलं नाही.

१६ मार्च, रविवार

सांगितलं.

औषध घातल्यावर, डोळे मिटलेले असताना. तिचा चेहरा दिसू नये म्हणून. भित्रा तो भित्राच! बावीस पानं, सात वर्षं, ते वाक्य माझं — सगळं ओकलो. वर्गात पाठ म्हणताना अडखळणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं करायचो. आज स्वतः तीनदा अडखळलो.

तिची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वाटलं, गेली. मी डोळे उघडायला लागलो तशी जवळूनच म्हणाली, "अजून पाच मिनिटं झाली नाहीत, बाबा."

मग खरंच गेली. नेहमी चहा घेते, आज घेतला नाही. तीन दिवस तरी ती बोलणार नाही, मी ओळखतो तिला. ओळखतो म्हणे!

१९ मार्च, बुधवार

तिचा फोन.

"मूळ पुस्तक मी तेव्हाच वाचलं होतं, बाबा. नेमणुकीचं पत्र आलं त्या आठवड्यात. त्या बाईला पुन्हा एकदा भेटावंसं वाटलं, म्हणून. बावीसच्या बावीस पानं वाचली. तुम्ही वाचून दाखवत होता तेव्हा मला ठाऊक होतं."

"मग होकार का दिलास गं?"

"पुस्तक धरलेला तुमचा हात लटपटत होता."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती मग म्हणाली, "त्या बाईला वडील नव्हते, बाबा. मला होते."