नामपत्र, चौदा एमबी

२० फेब्रुवारी २००६, सोमवार. सकाळी ६.४०
अमेरिकेहून पियूषचा फोन. मुलगी झाली. सूनबाई अक्षदा आणि बाळ, दोघी ठीक. डोळे भरून आले. ते सौ.ला दिसू नयेत म्हणून छतावर गेलो आणि डिशवरची धूळ पुसली.

आता नाव माझ्याकडे. आमच्या घराण्यात नातवंडाचं नाव आजोबा ठरवतात. कागदावर लिहायचं, हळदकुंकू वाहायचं, घडी घालायची. हे नामपत्र. बाराव्या दिवशी आत्याबाईंनी घडी उघडून पाळण्यातल्या बाळाच्या कानात नाव म्हणायचं. तोवर ते कुणाच्या तोंडून निघता कामा नये. पणजोबा देवासच्या दरबारात चिटणीस होते तेव्हापासूनची रीत आहे. (सौ.च्या मते ते खासगीकडे कारकून होते. तिचं माहेर नागद्याचं.)

नाव ठरलेलं आहे. तीस वर्षांपासून. इथेही लिहीत नाही.

२० फेब्रुवारी. दुपारी १
पियूषने फोटो मेल केलाय. अकरा एमबी. उतरायला लागला.

लोकांनी मला वेड्यात काढलं होतं. देवासच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर घरी बसायचं सोडून विश्वासराव अमझेऱ्यासारख्या खेड्यात कसलं इंटरनेट केंद्र उघडतायत, म्हणून. आता बघा. जिथे धड बस येत नाही तिथे थेट आकाशातून नातीचा फोटो येतोय. मध्ये तार नाही, खांब नाही, लाइनमन नाही.

२० फेब्रुवारी. दुपारी ३.१०
साठ टक्क्यांवर लाइट गेली.

२१ फेब्रुवारी, मंगळवार
लाइट आली तेव्हा मेल पुन्हा शून्यापासून सुरू झाली. हिशोब केला. लिंकवर चाळीस गावं एकदम बसतात, त्यामुळे फोटोला साडेतीन तास लागतात. लाइट सलग दोन तास असते. म्हणजे फरक फक्त दीड तासाचा.

सकाळी पियूषचा फोन. म्हणाला, बाबा, नाव सांगून टाका, इथे हॉस्पिटलचा एक फॉर्म असतो. मी तिथेच थांबवलं. नाव फोनवर घेत नाहीत, एवढं तरी त्याला ठाऊक असायला हवं. सांगितलं, जे काय असेल ते मेलमध्ये सविस्तर लिही, मी सविस्तर वाचतो. बरं म्हणाला. मुलगा गुणी आहे.

नामपत्र लिहिलं. बोरूने. हळदकुंकू वाहून स्कॅन केलं. पहिल्या स्कॅनमध्ये कुंकू तपकिरी दिसत होतं. सेटिंग वाढवलं तेव्हा खरा रंग आला. फाइल चौदा एमबी झाली. पियूषने न बघता प्रिंट काढायचा आणि न बघता घडी घालायची, असं सोबत लिहिलंय.

२२ फेब्रुवारी, बुधवार
नामपत्र जायला लागलंय. फोटो यायला लागलाय. दोन्ही एकाच रस्त्यावर असल्याने थोडी गर्दी आहे.

विक्रमसिंह खसऱ्याची, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याची, नक्कल घ्यायला आला होता. पाव कोसावर शेत आहे त्याचं, रोज येतो. विचारलं, "भिया, चल रिया है कि नी?" त्याला नऊ टक्के दाखवले. जमिनीची नक्कल त्याला अजून मिळालेली नाही, पण माणूस समजूतदार. नऊ टक्के बघून हात जोडून गेला.

मेलच्या खिडकीत "१ / २ उतरत आहे" असं दिसतं. म्हणजे फोटोच्या मागे आणखी एक पत्र उभं आहे. पियूषने सविस्तर लिहिलेलं दिसतंय.

२३ फेब्रुवारी, गुरुवार
पियूषचा सकाळी पुन्हा फोन. सौ.शी बराच वेळ बोलला. नंतर ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, नाव नुसतं एका ओळीत टाइप करून पाठवलं तर नाही का चालणार? आज संध्याकाळपर्यंत? म्हटलं, कुंकू टाइप करता येत नाही. ती म्हणाली, मग मला सांगा, मी पियूषला सांगते. म्हटलं, सुमंगला, बत्तीस वर्षं या घरात आहेस. ती आत गेली. कणीक तिंबत राहिली.

संध्याकाळपर्यंत कसली घाई आहे ते कळलं नाही. बारसं तीन मार्चला आहे.

संकल्प: धारहून इन्व्हर्टर आणणे.

२५ फेब्रुवारी, शनिवार
इन्व्हर्टर आणला. लाइट गेल्यावर पस्तीस मिनिटं चालतो. त्यानंतर चार्ज व्हायला त्याला लाइट लागते. दुकानदाराने हे आधी सांगायला हवं होतं.

फोटो ७१ टक्क्यांपर्यंत पोचला होता. हा विक्रम आहे.

२६ फेब्रुवारी, रविवार, महाशिवरात्र
दिवसभर लाइट राहिली. देवाची कृपा. सकाळी आठला फोटो सुरू केला, खुर्ची सोडली नाही. खिचडीही इथेच खाल्ली. ११.१५ ला ९४ टक्के. ११.२० ला छतावर धप्प आवाज. दोन लंगूर डिशवर बसून मंदिरातून पळवलेला नारळ खात होते. काठी घेऊन गेलो. ते गेले, डिशचं तोंड आकाश सोडून शेजारच्या तिरला गावाकडे झालं.

डिश परत वळवून सिग्नल आणेपर्यंत संध्याकाळ. फोटो शून्य.

थोडा वेळ छतावरच बसून राहिलो. खरं सांगायचं तर रडू आलं. मग वाटलं, ९४ टक्के आले होते, म्हणजे रस्ता बरोबर आहे.

२७ फेब्रुवारी, सोमवार
कंपनीच्या इंदूरच्या इंजिनियरला फोन. म्हणाला, "बड़े साब, पहली मेल डिलीट कर दो, पीछे की सब फटाफट उतर जाएँगी।" विचारलं, त्या पहिल्या मेलमध्ये काय आहे ठाऊक आहे का? नात आहे माझी. म्हणतो, फोटो तो फिर मँगवा लेना. नातीला डिलीट कर म्हणणाऱ्या माणसाशी काय बोलायचं. फोन ठेवला.

मागची पत्रं आता सात झालीत.

१ मार्च, बुधवार
बारशाची योजना पक्की. शुक्रवारी दुपारी १२.३५, अभिजित मुहूर्त. त्यांच्याकडे रात्रीचे अकरा. पियूष म्हणाला, बाळ झोपलेलं असेल. म्हटलं, पाळण्यातलं बाळ झोपलेलंच असतं. वेबकॅम आला. आमची नीरजा देवासहून इथे येईल, कॅमेऱ्यासमोर बसून नात्याने आत्याबाई म्हणून नाव घेईल. नामपत्र तोवर पोचेलच, सध्या ३ टक्के.

नीरजा फोनवर म्हणाली, बाबा, माझ्याकडे केबलचं इंटरनेट आहे, तुम्हीच दोघं देवासला या ना, सगळं साफ दिसतं. तिला समजावलं. स्वतःचं उपग्रह केंद्र असताना आजोबा दुसऱ्याच्या केबलवर नात बघतोय, हे शोभतं का? शिवाय अमझेऱ्यातल्या चार लोकांना बोलावलंय.

इंजिनियरचा फोन. तीन ते आठ मार्च दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येणार, दहा-बारा मिनिटं लिंक तुटेल. साल में दो बार होता है, म्हणे. सूर्य रोजच असतो. आजवर माझं कधी काही अडलं नाही.

२ मार्च, गुरुवार
सौ. सकाळच्या बसने देवासला गेली. नीरजाला घेऊन येते म्हणाली. पिशवीत बाळासाठी शिवलेलं कुंचीटोपडं होतं. ते देवासला कशाला, विचारलं. तिने पिशवीचं तोंड बांधलं. बस सुटताना म्हणाली, तुम्हीही चला. एकदाच म्हणाली. म्हटलं, सगळे निघालो तर इथलं कोण बघणार?

संध्याकाळी फोन. नीरजाच्या मुलांच्या परीक्षा आहेत, येणं जमत नाही. मीच नेण्या-आणण्याची व्यवस्था करायला हवी होती. असो. ते देवासहून, आम्ही अमझेऱ्याहून, पियूष अमेरिकेहून, तीन ठिकाणं जोडायची. हे जास्तच बढिया झालं.

३ मार्च, शुक्रवार. सकाळी ११.३०
जरीची टोपी घातली. मॉनिटरला झेंडूचा हार, सीपीयूला हळदकुंकू. शेजारून पाळणा मागून आणला, वेबकॅमसमोर टांगला. घुगऱ्या शिजवल्या. मीठ अंमळ जास्त.

१२.२०
विक्रमसिंह आला, साफा बांधून. आणखी तिघे नकलांसाठी आलेले, त्यांनाही बसवलं. नामपत्र ५ टक्के. पण देवासशी कनेक्ट झालंय. नीरजाचा आवाज आला, म्हणाली, "बाबा, दिसतंय का?" पियूषकडचं चित्र यायला वरून सुरुवात झाली. भिंत. भिंतीवर फुगा.

१२.३१
टोपड्याचं टोक दिसलं. पांढरं, लाल किनार. सौ.नं शिवलेलं नव्हे, दुसरंच.

१२.३३
गेलं.

१२.५०
छतावर जाऊन आलो. ढग नाही, लंगूर नाही. डिशच्या मधोमध लखलखीत ऊन. सूर्य बरोबर तिच्या नजरेसमोर उभा.

१.०५
लिंक आली. देवासकडून कुणी नाही. बारसं उरकलं असणार. मंडळींनी घुगऱ्या खाल्ल्या. विक्रमसिंह निघताना पाळण्याला एक झोका देऊन गेला. रिकामा पाळणा हलवत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलं नसेल. मीही नाही सांगितलं.

५ मार्च, रविवार
सौ. परत आली. चेहरा उजळलेला होता, मला बघून आवरला. म्हणाली, बाळाने जांभई दिली. कान तुमच्यासारखे आहेत. नीरजाने कानात नाव घेतलं तेव्हा डोळे उघडले.

विचारलं, नाव कसं घेतलं? नाव तर माझ्या आउटबॉक्समध्ये आहे. सौ. म्हणाली, चहा टाकते.

विचार केला. नीरजाने नुसताच कानात श्वास सोडला असणार. शहाणी आहे, रीत सांभाळली.

सौ.नं नीरजाकडून फोटोचा प्रिंट आणलाय. बघितला नाही. मूळ फाइल उतरतेय, उगाच नक्कल कशाला बघा. कपाटात वरच्या खणात ठेवलाय. उलटा.

९ मार्च, गुरुवार
पियूषचा फोन. मागून अक्षदा बाळाला "इरा, इरा" म्हणत होती. लाडाचं नाव असेल. मुलांना एखादं लाडाचं नाव असावं, माझी हरकत नाही. मलाही घरात बापू म्हणत.

पियूष म्हणाला, बाबा, माझे मेल वाचलेत का? म्हटलं, उतरतायत. तिकडचा फोन महाग असतो, म्हणून मीच ठेवला.

होळीआधीचा भगोरियाचा हाट सुरू होतोय. गावात ढोल. फोटो ४० टक्के, नामपत्र ११.

१५ मार्च, बुधवार
काल होळी, आज धुळवड. रंगाच्या भीतीने यंत्रावर चादर घातली होती. चादरीखाली गरम होऊन मोडेम बंद पडला. इंजिनियर सोमवारी येतो म्हणाला.

केंद्रात आता फारसं कुणी येत नाही. विक्रमसिंहने धारला जाऊन नक्कल काढली, मला दाखवायलाही आला. म्हटलं, थोडं थांबला असतास तर इथेच मिळाली असती. "हओ भिया," म्हणाला.

संकल्प: उन्हाळ्यात डिशभोवती जाळी. दुसरा इन्व्हर्टर. नामपत्राचं सेटिंग कमी करणार नाही.

२२ मार्च, बुधवार. सकाळी ७.१५
मोडेम सोमवारी बदलला. आज मशीन लावलं तर "१ / ११". दोन मिनिटांत ११ / ११. एकूण एक पत्रं उतरली. ओरडून सौ.ला बोलावलं. म्हटलं, बघ, धीर धरला की होतं.

७.३०
फोटो त्यात नाही. सर्व्हरवर तीस दिवसांपेक्षा जुनं पत्र कंपनी आपोआप काढून टाकते. वीस फेब्रुवारीचं होतं. ते काढलं, मागची सुटली.

७.४०
पहिलं पत्र, २१ फेब्रुवारी. पियूषचं.

"बाबा, इथे बाळाला हॉस्पिटलातून घरी सोडायच्या आत फॉर्मवर नाव लिहावं लागतं. गुरुवारी सोडतील. आम्ही दोघांनी काहीच ठरवलेलं नाही, मुद्दामच. तुम्ही द्याल तेच ठेवायचं आहे. फोनवर सांगत नाहीत हे मला ठाऊक आहे, म्हणून फक्त तो एक शब्द मेल करा. अक्षदा म्हणते, नामपत्राचा कागद नंतर पोस्टाने आला तरी पाळण्यात ठेवू."

दुसरं, २३ फेब्रुवारी. "बाबा, संध्याकाळी पाचपर्यंत थांबतोय. एकच शब्द."

तिसरं त्याच दिवशीचं, रात्रीचं. "बाबा, रागावू नका."

बाकीची नंतर वाचेन.

८.३०
आउटबॉक्स उघडला. नामपत्र १९ टक्के. ते पुढे असेपर्यंत मागचं काही जात नाही. डिलीट केलं. तुम्हाला खात्री आहे का, असं यंत्राने विचारलं. हो दाबलं.

नवीन मेल घेतली. कुंकू नाही, बोरू नाही, वर श्री नाही. माझ्या आजीचं नाव टाइप केलं. जानकी. पाठवलं. सवयीने घड्याळ बघितलं.

चार सेकंद लागले.

सौ. कपाटाच्या वरच्या खणातून प्रिंट काढून घेऊन आली, माझ्या पुढ्यात सुलटा ठेवला. कान खरंच माझ्यासारखे आहेत. तिनं विचारलं, गेली का मेल? म्हटलं, गेली.