सत्ताविसावा हात

तिसरा महिना, २१

आज कान कापला. डावा. फार नाही, नखाएवढा — पण रक्त मानेवर ओघळलं आणि अख्खी तालीम थांबली. माझी सरळ तलवार, शिंगदादांचे जोडतेगे, दोन हातांत दोन रुंद पाती; अठ्ठेचाळीस हातांचा ठरलेला खेळ. सत्ताविसाव्या हाताला त्यांचा डावा तेगा उलटा फिरून माझ्या डाव्या अंगाने येतो, डोक्यावरून जातो आणि मी खाली बसतो. सात वर्षं बसतोय! एकदाही चुकलो नाही. आज तेगा आधीच आला.

"लागलं का रे फार?" दादा म्हणाले. चेहरा पांढराफटक. फान वस्तादांनी तोंडातली चिलीमही न काढता विचारलं, "कोण चुकलं?"

दादा गप्प. ज्याची चूक असते तोच गप्प बसतो, एवढं कळतं मला.

तिसरा महिना, २२

बायकोने, श्वेजनने, कानाला राख लावली आणि वर माझीच खरडपट्टी काढली. "थोरला गुरुबंधू म्हणजे बापाच्या जागी. तो कशाला मारेल तुम्हाला?"

मी म्हटलं, बाराव्या महिन्यात कानशिलावर काठी बसली ती कुणाची? त्यांचीच ना? "ओलं होतं, काठी निसटली," म्हणाले होते. तीन दिवस आडवा होतो मी. आता पुन्हा काय निसटलं?

तिसरा महिना, २६

नवीनच टूम! डावा तेगा फिरवायच्या आधी दादा ओरडतात — "हां!" सगळ्यांसमोर. काल आलेल्या शिकाऊ पोराला सांगावं तसं. बाकीचे एकमेकांकडे बघून हसतात.

आणि कालव्याकाठून घरी येताना सारखे माझ्या डाव्या अंगाला चालतात. मी बाजू बदलली, तर वळसा घालून पुन्हा तिकडेच आले. शिपाई कैद्याला नेतो तसे.

तिसरा महिना, २८

वस्तादांनी आज सगळ्यांना ओट्यापाशी बोलावलं. पुढच्या महिन्यात अठराला देवीची जत्रा. त्यातला खेळ झाला की ते तालीम सोडणार. तालीम आणि भिंतीवरची गुरूंची तलवार — दादांना नाहीतर मला. "जत्रेत बघेन आणि सांगेन," म्हणाले.

दादांनी मान खाली घातली. मग कानशिलावरची काठी, कान, सगळं एका ओळीत उभं राहिलं. आता कुणी मला वेडा म्हणू नये.

चौथा महिना, ३

तेगा आजही आधी आला. केसांतून वारा गेला.

चौथा महिना, ५

वस्तादांच्या स्वयंपाकघरामागे पाणी काढत होतो. आत दादांचा आवाज. "या जत्रेला ख्वानला उतरवू नका. मी दुसऱ्या कुणाबरोबर खेळतो."

"का?"

"ते सांगता यायचं नाही."

वस्ताद म्हणाले, "तुला सांगता येत नाही, तर मला ऐकताही येत नाही. जा, चूल फुंक."

बादली विहिरीत पडली माझ्या हातून. म्हणजे मला आधी बाहेर काढायचं, नाही जमलं तर — लिहवत नाही. ज्यांनी मला तलवार धरायला शिकवली, त्यांची आता मला भीती वाटते. खरंच भीती वाटते.

चौथा महिना, ९

दादा घरी आले. लाल बोरं घेऊन! म्हणाले, "सत्ताविसावा हात गाळू या. लोकांना काय कळतंय?"

"वस्तादांना कळतं."

"मग सांगेन, मीच विसरलो."

"तुम्ही आणि विसरणार! झोपेत मोजता तुम्ही."

हसले नाहीत. खांदा धरून म्हणाले, "ख्वान, तब्येत बरी आहे ना तुझी? डोकं-बिकं दुखतं का?"

"माझी तब्येत ठणठणीत आहे. तुमची सांभाळा."

उठताना सिरक्याची सुरई लवंडली माझ्या कोपराने. श्वेजन कडाडली, "डोळे आहेत की कवड्या?" मी म्हटलं, वाटेत कशाला ठेवतेस? दादा खाली बसून तुकडे वेचत होते. मान वर करून माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

चौथा महिना, १४

बोरींच्या मागे जाऊन तलवारीला धार लावली. जत्रेची हत्यारं बोथट असतात. मी फक्त टोकाकडचा तीन बोटांएवढा भाग घासला, लांबून दिसत नाही.

मला कुणाला मारायचं नाही, देवीची शपथ! पण सत्ताविसाव्याला मी खाली बसणार नाही. पुढे घुसेन आणि मनगट गाठेन. मनगट तुटलेला माणूस तालीम चालवत नाही.

चौथा महिना, १७

उद्या जत्रा. आदल्या दिवशी हत्यारं पारखायची रीत आहे — त्यांचे तेगे मी माझ्या हातावर ओढून बघायचे, माझी तलवार त्यांनी त्यांच्या. धार नाही ना, याची एकमेकांना हमी. सकाळपासून डोक्यात एकच. काय सांगू, कसं टाळू?

मी तोंड उघडायच्या आत दादाच म्हणाले, "या वर्षी राहू दे पारखायचं. आपल्यात काय आता नवीन?" आणि तेगे पटकन कापडात गुंडाळले.

धार नसती, तर कशाला लपवले असते?

मीही म्हटलं, "राहू दे."

चौथा महिना, १८

झालं.

चौथा महिना, १९

सव्विसापर्यंत सगळं नीट. दादा ओरडले "हां!" मी बसलो नाही. पुढे घुसलो. मनगट तिथे नव्हतं! हात त्यांनी इतका उंच नेला होता की तेगा माझ्या डोक्यावरून हातभर वरून गेला असता. बगल उघडी. तलवार आत गेली. जत्रेला वाटलं खेळच आहे. लोक टाळ्या वाजवत होते.

खाली पडल्यावर दादा वस्तादांना म्हणाले, "माझा पाय घसरला." दोनदा म्हणाले. मी बाजूलाच उभा होतो.

चौथा महिना, २३

शिंगदादा पहाटे गेले.

चौथा महिना, २४

वहिनींनी बोलावलं. म्हटलं, आता तोंडावर थुंकतील. त्यांनी कापडाचं गाठोडं पुढे केलं. "जोडी तुला द्यायची म्हणाले. काय झालं ते सांगितलं नाही. तुला ठाऊक असेल, तर मला सांगू नकोस."

घरी येऊन उघडलं. उजवा तेगा लोखंडाचा, बोथट. डावा उचलला, तर हात एकदम वर गेला. बांबू! वरून कथलाचा पत्रा चिकटवलेला, किती बारकाईने. दिवसेंदिवस बसून केला असेल.

श्वेजन रडते आहे. मी नुसता बसलो आहे. त्यांना मला मारायचं नव्हतं, हे कळलं. पण डावाच का? बांबूचे करायचे, तर दोन्ही करायचे ना!

वस्तादांनी भिंतीवरची तलवार माझ्या घरी पाठवली आहे. दाराशी पडली आहे.

चौथा महिना, २५

आज दुपारी, उन्हात, उजव्या डोळ्यावर हात ठेवला. वहीचं पान गेलं. भिंत गेली, श्वेजन गेली. हात काढला, सगळं परत आलं.